गाडी किती देते?

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता पाहुणा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती देते?’ म्हशीबद्दलही आपण हेच विचारतो. फरक इतकाच, की म्हैस किती देते हे धार काढणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. गाडीच्या बाबतीत बहुतेक मालकांना विकणाऱ्याने सांगितलेला आकडाच ठाऊक असतो.

माझा भाचा चिपळूणजवळ राहतो. 2021च्या 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा बाजारपेठेत उभी असलेली त्याची जुनी गाडी बुडाली. पुढच्या वर्षी त्याने सेकंडहँड, पण चारही चाकं फिरवणारी गाडी घेतली. कारण पुराचं नव्हतं. माझी आपा, म्हणजे त्याची आई, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. घरापासून दवाखाना बावीस किलोमीटर. त्यातली घराजवळची दोनशे मीटरची चढण तांबड्या मातीची, आणि पावसाळ्यात तिथे दोन चाकांवर चालणारी गाडी जागच्या जागी फिरत राहते. एकदा आपाला खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं. तेव्हाच त्याने ठरवलं.

कागदावर गाडी लिटरला 19 किलोमीटर देत होती. सहा महिन्यांनी भाचा मला म्हणाला, “मामू, ही पेट्रोल पितेय की न्हातेय? चौदाच्या वर जात नाही. ही चार चाकंच खातायत सगळं.” मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. पण घरात शिकलेला मामा मीच, म्हणून विचारपूस करत फिरलो. जे कळलं ते तुम्हाला सांगतो, कारण ही तक्रार एकट्या माझ्या भाच्याची नाही.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. भाच्याच्या गाडीचा आकडा ज्या चाचणीतून आला, ती रस्त्यावर होतच नाही. गाडी एका खोलीत रुळांवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच असते. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध रुळांवर कृत्रिम भार टाकून आणला जातो. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे 1180 सेकंद गाडी चालवायची. म्हणजे वीस मिनिटांनाही थोडं कमी. तेवढ्यात सुमारे साडेदहा किलोमीटर होतात. वेग कधीही ताशी 90च्या वर जात नाही, सरासरी पडते ताशी 32. एसी बंद. घाट नाही, खड्डा नाही, पुढे वाट अडवून चाललेला उसाचा ट्रॅक्टर नाही. ही काही लबाडी नव्हे. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असावी, म्हणजे तुलना करता येते, एवढाच तिचा हेतू. आपण मात्र परीक्षेतल्या गुणांवरून पोरगं संसार कसा करील ते ठरवतो.

युरोपात 2017पासून याहून कडक चाचणी लागू झाली. ती तीस मिनिटांची आहे आणि तिच्यात वेग ताशी 130च्या घरात जातो. तरीही युरोपीय आयोगाने रस्त्यावरच्या गाड्यांतूनच माहिती गोळा केली आणि 2024 साली अहवाल दिला, तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या कागदापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त इंधन पितात असं निघालं. तिथली परीक्षा कडक असून ही गत, मग आपल्याकडचं अंतर याहून मोठं असलं तर नवल नाही.

आता चार चाकांचा खर्च. तो खरा आहे, पण किती? एकाच गाडीचे दोन प्रकार शेजारी ठेवले की उत्तर मिळतं. मारुतीची ग्रँड व्हिटारा 2022 साली आली. तेच दीड लिटरचं इंजिन, तोच हाताने बदलायचा गिअर. पुढची दोन चाकं ओढणाऱ्या गाडीचा प्रमाणित आकडा 21.11, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा 19.38. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर फरक सव्वाचार लिटरचा. अमेरिकेत होंडा सीआर-व्ही या गाडीच्या 2023च्या दोन प्रकारांत तर एका गॅलनमागे तीस मैल आणि एकोणतीस मैल, इतकाच फरक सरकारी आकड्यांत दिसतो. म्हणजे तीन टक्क्यांपासून आठ-नऊ टक्क्यांपर्यंत.

भाच्याच्या हिशोबातली चूक मला इथे सापडली. त्याच्या गाडीचा 19चा आकडा चारही चाकांच्या गाडीचाच होता. चार चाकांचा दंड त्या आकड्यात आधीच भरलेला होता! 19वरून 14वर जी घसरण झाली, तिचा बहुतेक दोष चाचणीची खोली आणि चिपळूणचा रस्ता यांच्यातल्या अंतराचा. तो शेजाऱ्याच्या दोन चाकांच्या गाडीलाही लागतोच.

हा दंड पडतो कशाचा, हेही बघण्यासारखं आहे. साध्या गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि काम संपतं. चार चाकांच्या गाडीत तीच ताकद मागे न्यायची म्हणून गाडीच्या पोटाखालून लांब शाफ्ट जातो आणि मागे आणखी एक डिफरन्शियल बसतो. त्यातले दात जाड तेलात फिरतात. घट्ट पिठल्यात पळी फिरवून बघा, हात भरून येतो. पुष्कळ नव्या गाड्यांत मागच्या चाकांना ताकद गरजेपुरतीच मिळते. पण ताकद मिळो न मिळो, तो शाफ्ट आणि ते दात बहुधा फिरतच राहतात. बावीस किलोमीटरमधल्या दोनशे मीटरसाठी उरलेला सगळा रस्ता पळी फिरवत जायचं, असा हा व्यवहार.

थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत मधला दांडा ओढल्यावरच चारही चाकं जुंपली जातात. तो दांडा कोरड्या डांबरावर ओढू नये. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. त्यांना बांधून ठेवलं की स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि तेलही जास्त लागतं. माझ्या कॉलेजच्या दिवसांत आमच्या भागात एक जुनी जीप होती. तिचा ड्रायव्हर चिखल लागला की खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधलं हब हाताने फिरवायचा आणि डांबर लागलं की पुन्हा उतरून उलटं फिरवायचा. “नाहीतर पुढचा सगळा संसार उगाच फिरत राहतो,” असं म्हणायचा. आम्ही पोरं हसायचो. आता समजतं, तो याच पिठल्याबद्दल बोलत होता.

वजनाचं मात्र लोक फार मनावर घेतात. समजा, चार चाकांच्या सामानाने 70 किलो वाढले आणि आपण 600 मीटर उंचीचा घाट चढलो. इंजिन पेट्रोलातली चौथाई ताकद कामाला लावतं असं धरलं, तर या जादा वजनासाठी सुमारे 50 मिलिलिटर पेट्रोल लागेल. कटिंग चहासुद्धा होणार नाही तेवढ्याचा. अख्खी तेराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला लिटरभर जातं, ते वेगळं. खरा चोर वारा. ताशी 80ऐवजी 100ने गेलात तर वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि असल्या गाड्या उंच, चौकोनी, वर टपावर लोखंडी कॅरिअर. भाच्याने तो हौसेने बसवून घेतला होता. त्यावर आजवर एक आंब्याची पेटीही चढलेली नाही.

एक सवय जीवावर बेतणारी आहे म्हणून सांगतो. घाट उतरताना तेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करू नका. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहायला पेट्रोल मागतं आणि ब्रेकवर सगळा भार पडतो.

मग आम्ही मोजायला बसलो. समोरच्या पडद्यावरचा आकडा बाजूला ठेवला. एकाच पंपावर, पहिला ‘कट’ होईपर्यंत टाकी फुल्ल करायची आणि किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. अशा चार टाक्या झाल्या, की एकूण किलोमीटरना एकूण लिटरने भागायचं. प्रत्येक टाकीचं वेगळं अ‍ॅव्हरेज काढून त्यांची सरासरी काढायची नाही. तीनशे किलोमीटर दहाच्या हिशोबाने आणि तीनशे वीसच्या हिशोबाने गेलात, तर उत्तर पंधरा येत नाही. पंचेचाळीस लिटरमध्ये सहाशे, म्हणजे सव्वातेराच्या जरा वर. ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द मराठीने इतका आपलासा केला, की त्याचा अर्थ सरासरी आहे हेच आपण विसरलो.

उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर चार टाक्यांचं उत्तर आलं 14.3. मग कॅरिअर उतरवला, टायरमधली कमी पडलेली हवा भरली, महामार्गावर 80चा वेग धरला. पुढच्या चार टाक्यांत सोळाच्या जरा वर.

पुरासाठी ही गाडी उपयोगाची, असा समज मात्र मी त्याच्या मित्रांच्या डोक्यातून काढू शकलो नाही. चार चाकं पकड देतात. गाडी पाण्यावर तरंगायला लागली की पकडायला खाली जमीनच नसते, आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं की संपलं. त्या जुलैत चिपळुणात माणसं होड्यांनी काढली. ब्रेकही चार चाकांमुळे लवकर लागत नाही. थांबवायला प्रत्येक गाडीला चारच चाकं असतात.

चढणीवर मात्र गाडी एकदाही अडलेली नाही. डायलिसिसचा वार चुकलेला नाही. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने चढणीचा खालचा अर्धा भाग काँक्रीटचा केला. भाचा म्हणतो, उरलेला झाला की ही विकून दोन चाकांवर चालणारी घेऊ, दवाखान्याच्या फेऱ्यांत तेवढंच पेट्रोल वाचेल. आपा नको म्हणते. वरचा भाग व्हायला किती पावसाळे जातील ते कुणी सांगत नाही, म्हणून वही सध्या चालू आहे.