फॅशन शिकवायला शिवण यायलाच हवी?

होम सायन्सला टेक्स्टाइल घेतलेल्या मुलीने डिजिटल फॅशन मर्चंडायझिंगमध्ये पीएच.डी. करायची म्हटलं, की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे बुटीक काढणार का गं?’ हा गैरसमज सगळ्यांत चिवट. मर्चंडायझिंगचा शिवणयंत्राशी संबंध बेताचाच. कोणता माल, कोणत्या साइजमध्ये, काय भावाने आणि किती ठेवायचा, हा त्याचा मुख्य व्यवहार. ऑनलाइनमध्ये फोटोंचा क्रम, साइज चार्ट आणि रिटर्नची अटही त्यातच येते. इतवारीतला साडीवाला गिऱ्हाइकाची नजर कुठल्या गठ्ठ्यावर रेंगाळते ते हेरून पुढची घडी उलगडतो. ॲपला नजर दिसत नाही, बोट दिसतं. ते बोट कुठे थबकलं, कार्टमध्ये टाकलेला कुर्ता तसाच का राहिला, हे शोधणं म्हणजे ग्राहकवर्तनाचा अभ्यास.

‘या नावाचा विभागच नाही, मग नोकरी कुठे?’ पाटीवर हे नाव सहसा नसतं, हे खरं. पण प्राध्यापकीसाठीच्या नेट या पात्रता परीक्षेत होम सायन्स या 12 क्रमांकाच्या विषयात वस्त्रशास्त्र, परिधान रचना आणि ग्राहकांचे प्रश्न असे तिन्ही घटक आहेत. कॉमर्स आणि मॅनेजमेंटमधूनही वाट आहे. नागपुरात एलएडी महाविद्यालयात होम सायन्सची जुनी परंपरा आहे.

पीएच.डी.शिवाय सहायक प्राध्यापक होता येत नाही, असंही ठामपणे सांगितलं जातं. 1 जुलै 2023 पासून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर मात्र ती लागतेच. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, पण ते कायम जागेवर. सेट-नेट झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवत भरतीची वाट पाहतात. या वाटेला लागणाऱ्याने घरचं गणित आधी मांडलेलं बरं.

आता खरा मुद्दा. ‘डेटा सगळा कंपन्यांकडे, नागपुरात बसून काय शोधणार?’ 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ज्या शहरात सुरू झाली आणि जिच्या जागेवर आता मॉल उभा आहे, तिथे हे ऐकलं की गंमत वाटते. भारतीयांच्या मापांसाठी निफ्ट या फॅशन संस्थेने ‘इंडियासाइज’ सर्वेक्षण आखलं: 15 ते 65 वयाचे 25,000 लोक, थ्रीडी स्कॅनर, सहा शहरं. त्यांत विदर्भातलं एकही नाही. मग उमरेडच्या बाईचा कुर्ता खांद्यात बसला नाही म्हणून परत जातो की फोटोतला रंग वेगळा निघाला म्हणून, हे इथल्या संशोधकाने नाही विचारायचं तर कुणी? ‘फक्त 2 शिल्लक’ अशी खोटी घाई लावणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये नमूद केलेल्या 13 डार्क पॅटर्नपैकी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांपैकी, एक. तो तपासायला कंपनीची परवानगी कशाला? रोज ठरल्या वेळी तोच कुर्ता उघडा, स्क्रीनशॉट घ्या, आकडा हलतो का बघा.

‘गूगल फॉर्म फिरवला की प्रबंध झाला’ हा गैरसमज तर गाईड मंडळींतही आढळतो. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला की मैत्रिणींची मतं मिळतात, ग्राहकांची नव्हे. त्यावर 1989 मधलं फ्रेड डेव्हिस यांचं ‘टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल’ डोळे झाकून चिकटवलं जातं. उपयोग आणि सोपेपणा हे त्याचे दोन खांब. ते मॉडेल ऑफिसातले कर्मचारी संगणक का वापरतात हे समजून घेण्यासाठी बेतलेलं होतं. ॲप कोण वापरेल हे त्यातून कळेल. आलेली साडी नेसून, फोटो काढून परत का पाठवली जाते, हे कळायचं नाही. त्यासाठी बाईच्या घरी जाऊन, तिच्या संमतीने, तिच्या मोबाइलमधली ऑर्डरची यादी तिच्यासोबत वर-खाली करावी लागते.