पाकट, पाऊणपट आणि पापलेट

सप्टेंबर २०१३. दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन. गिरगाव चौपाटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मूर्ती घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलेले लोक एकाएकी पाय धरून, कळवळत बाहेर येऊ लागले. पन्नासहून अधिक जणांना नंतर दवाखाना गाठावा लागला. कुणी म्हणालं जेलीफिश, कुणी म्हणालं काचा. निघाले पाकट. हा चपटा मासा गढूळ पाण्यात वाळूखाली अंग पुरून बसतो आणि पाठीवर पाय पडला की शेपटीचा काटा मारतो.

मुंबईकरांना ही भयंकर बातमी वाटली. कोळीवाड्यात पाकट हा कालवणाचा मासा. त्याचा काटा कुठे असतो, तो कसा मोडायचा, हे तिथे शिकवावं लागत नाही. चिखलात पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे पाकट आधीच सरकतो, एवढी साधी युक्ती चौपाटीवरच्या हजारोंपैकी फार थोड्यांना ठाऊक होती. ज्या शहराची ग्रामदेवता, मुंबादेवी, मुळात कोळ्यांची, त्या शहराला आपल्या पाण्यात कोण राहतं याचा पत्ता नव्हता.

चौपाटीवर जलक्रीडेच्या निमित्ताने अनेक वर्षं वावरलेले प्रदीप पाताडे यांना या प्रकाराचं कुतूहल वाटलं. किनाऱ्यावर काय काय जगतं, याचे फोटो आणि नोंदी ते जमवू लागले. पुढे २०१७ मध्ये अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांच्या साथीने त्यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम उभा केला. त्याचं स्वरूप अगदी सरळ आहे. ओहोटी लागली की हाजीअली, मरीन ड्राइव्ह, जुहू, खारदांडा अशा ठिकाणी लोकांना घेऊन जायचं, उघड्या पडलेल्या खडकांतून जपून चालायचं, दिसेल ते पाहायचं, काहीही उचलून न्यायचं नाही, फोटो काढून नोंद करायची. बँकेतला नोकरदार, शाळकरी मुलगी, निवृत्त आजोबा असे सगळे वाकून डबक्यांत डोळे घालतात. सांडपाण्याने काळवंडलेल्या या शहराच्या कडेला त्यांना समुद्रफुलं दिसतात, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे दिसतात, नशीब चांगलं असेल तर रंग बदलणारा ऑक्टोपस दिसतो. आणि प्रवाळ. मुंबईत प्रवाळ आहेत, हे वाक्य अजूनही अनेकांना थाप वाटतं.

या फेऱ्यांचं सगळं गणित ओहोटीवर चालतं. वेळ पाहायला आता मोबाइल आहे. कोळ्यांकडे त्याआधीपासून तिथी आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागे चालतं, म्हणून हा हिशेब जमतो. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच दूर हटतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते जेमतेम हलतं. पंचांग पाहून समुद्रात जाणारा नाखवा अंधश्रद्धाळू नसतो. तो वेळापत्रक पाहत असतो.

उधाणाच्या ओहोटीत हेच खडक आणखी कुणाची तरी वाट पाहत असतात. कोयती घेऊन कालवं फोडायला आलेल्या बायका तिथे पिढ्यान्‌पिढ्या येतात. म्हणजे किनारा-फेरी ही कल्पना नवी नाही. टोपली जाऊन हातात कॅमेरा आला, एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये एक मेख आहे. फेरीतली मंडळी चिखलात उड्या मारणारा मासा पाहून ‘मडस्किपर’ म्हणून हरखतात. तोच कोळणीच्या पाटीत निवटा असतो आणि त्याचं तिखट कालवण होतं. नोंदवहीत इंग्रजी नाव जातं, लॅटिन नाव जातं. निवटा, शेवंड, माकूल, चिंबोरी ही नावं मागे राहिली, तर प्राण्याची नोंद होईल, पण त्याच्याशी असलेलं माणसाचं नातं नोंदीबाहेर राहील. किनाऱ्याचा वारसा जपणाऱ्या प्रत्येक उपक्रमाला या कसोटीवर घासून पाहायला हरकत नाही.

नोंदींना वजन आलं ते सागरी किनारा मार्गाच्या वादात. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि भराव पुन्हा पडू लागला. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे वाटेत आलेल्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. रस्ता झाला आणि त्यावरून गाड्या धावतात. पण ‘इथे काय होतं?’ या प्रश्नाला आता फोटोनिशी, तारखेनिशी उत्तर आहे. सात बेटं जोडून मुंबई झाली, तेव्हा बुजलेल्या खाड्यांचं असं उत्तर कुणाकडेच नाही.

याच रस्त्याने वरळी कोळीवाड्याच्या दाराशी वेगळीच लढाई उभी केली. पुलाच्या दोन खांबांत आराखड्यानुसार ६० मीटरचं अंतर होतं. इंजिनिअरच्या कागदावर ते पुरेसं होतं. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून होडी काढणाऱ्याला मात्र वारा, पाण्याची ओढ आणि लाटेने होडी किती आडवी ढकलली जाते, हे हातांना माहीत. कोळ्यांनी काम अडवलं, समुद्रात होड्या लावून निषेध केला, हिशेब मांडले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटरचं अंतर मान्य केलं. मागणी त्याहून जास्तीची होती. तरीही हातांच्या ज्ञानाने काँक्रीटचा आराखडा बदलायला लावल्याची उदाहरणं या शहरात बोटावर मोजण्याइतकीच असतील.

ठाण्याला गोष्ट निराळी आहे. स्टेशनाला खेटून असलेल्या चेंदणी कोळीवाड्यात समुद्र नाही, खाडी आहे, आणि खाडीचं पाणी कारखान्यांनी व गटारांनी असं केलं, की मासेमारी नावापुरती उरली. मासेमारीच थांबली तर कोळीपण कशात शोधायचं? शिल्पकार पराग तांडेल आणि कादंबरी कोळी यांनी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ सुरू केला, तो याच प्रश्नातून. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. होडी नाखव्याच्या मालकीची, पण समुद्रात हुकूम तांडेलाचा. या तांडेलांनी गाणी, पाककृती, अवजारं, लग्नातले विधी, घरोघरचे जुने फोटो आणि म्हाताऱ्यांच्या तोंडची माहिती गोळा करायला घेतली. इमारत नाही म्हणून ते अडले नाहीत. कोळीवाड्यातच तात्पुरतं संग्रहालय मांडायचं, ज्यांच्या वस्तू त्यांनीच त्या समजावून सांगायच्या. काचेच्या पेटीत ठेवलेलं जाळं मुकं असतं. ते कुणी विणलं आणि त्यात काय अडकायचं हे सांगणारी बाई शेजारी बसली, की तेच जाळं बोलायला लागतं.

वेसाव्याला जाळी अजून बोलतात. तिथलं मुख्य जाळं म्हणजे डोल. हे जाळं माशाच्या मागे धावत नाही. मोठ्या पिशवीसारखं ते प्रवाहाच्या तोंडाशी रोवून ठेवायचं. पाणी वाहतं, बोंबील, जवळा, करदी, मांदेली आपोआप आत येतात. म्हणून डोलवाल्याला उधाण लागतं, भांगात तो किनाऱ्यावर जाळी शिवत बसतो. आलेले बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांड्यांवर टांगायचे. ऊन आणि वारा बाकीचं पाहतात. या वलांड्यांना लागणारी मोकळी जागा सरकारी नकाशावर कित्येकदा नुसती ‘रिकामी जमीन’ असते आणि मुंबईत रिकाम्या जमिनीचं काय होतं ते सांगायला नको. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मुंबईतल्या कोळीवाड्यांची स्वतंत्र दखल घेतली, पण कोळीवाड्याची हद्द नेमकी कुठवर, यावरची ओढाताण सरलेली नाही. सुकवायची जागा, जाळी शिवायची जागा, होडी ओढायची वाट यांचे नकाशे कोळीवाड्यातल्या तरुणांनी स्वतः तयार करणं, हे म्हणूनच नाचगाण्याच्या कार्यक्रमापेक्षा मोलाचं काम आहे.

नाचगाणी नकोत असं नाही. जानेवारीच्या सुमारास भरणाऱ्या वेसावा कोळी सी-फूड फेस्टिव्हलला सारं शहर लोटतं. कोळणींचे स्टॉल, तव्यावरचं पापलेट, चिंबोरीचा रस्सा आणि मंचावर कोळीगीतं. लोक पोट भरून घरी जातात. पण त्या रांगेत उभं राहून ‘हा मासा आत्ता खावा का?’ असं विचारणारा एखादाच भेटतो.

वेसाव्याच्या समुद्राला इतरांचाही हात लागला. २०१५ च्या ऑक्टोबरात वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी कचरा उचलायला किनाऱ्यावर उतरले. दोघांचे शेकडो झाले, पुढच्या वर्षी शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची किमान ८० पिल्लं समुद्राकडे निघाली. ‘बॉम्बे६१’ या वास्तुरचनाकारांच्या गटाने उलट बाजूने हात घातला. किनाऱ्यावर येऊन पडलेला कचरा उचलण्यापेक्षा तो नाल्याच्या तोंडाशीच अडवावा, आणि त्यासाठी कोळ्यांच्याच जाळ्यांची युक्ती वापरावी. प्रवाहात जाळं कसं रोवायचं हे वेसावकरांना शिकवण्याची गरजच नव्हती. मासे धरणारं कसब प्लॅस्टिक धरायला लागलं, ही गोष्ट कौतुकाची की खेदाची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

राहिला ताटातला मासा. जाळं कोळी टाकतो, पण कोणता मासा धरायचा हे बऱ्याच अंशी गिऱ्हाईक ठरवतं. मयुरेश गांगल, चेतना पुरुषोत्तम आणि पूजा राठोड यांनी २०१७ मध्ये ‘नो युवर फिश’ नावाचं कॅलेंडर आणलं. पश्चिम किनाऱ्यावरचा कोणता मासा कोणत्या महिन्यात खावा, कोणता अंडी घालण्याच्या दिवसांत सोडून द्यावा, हे त्यात महिन्यागणिक दिलेलं आहे. आपल्याकडे आंबा कधी खायचा हे शेंबडं पोरही सांगतं. माशाचं तसं भान एकेकाळी नारळी पौर्णिमा राखायची. सोन्याचा नारळ वाहिल्याशिवाय होडी दर्यात जायची नाही. आता यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी असते, आणि नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटाकडे गेली, की सण बोटींच्या मागून येतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. पालघर जिल्ह्यातल्या, विशेषतः पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीच्या मच्छीमारांना तो निर्णय हवाच होता, कारण जाळ्यात येणारं पापलेट वर्षागणिक लहान होत चाललं होतं. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर, म्हणजे वितीहून बरीच कमी. त्याहून लहान मासा धरायचा नाही आणि विकायचाही नाही. मोजपट्टी घेऊन प्रत्येक बंदरावर उभं राहायला सरकारकडे माणसं नाहीत. गिऱ्हाइकाने हाताची वीत वापरून बाजारात नकार दिला, तर नियमाला थोडे पाय फुटतील. पाटीवर बसलेल्या मावशी चिडतील, हेही खरं. पण त्याच मावशींना विचारलं, तर त्यांच्या लहानपणी पापलेट केवढं यायचं ते त्या दोन्ही हात पसरून दाखवतात.

 शहरातल्या कुणाला दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन खडकांवर जायचं असेल, तर भाऊबीजेचा दिवस सोयीचा आहे. तिथी दुसरी, दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या आसपास भरती, म्हणजे सकाळी साडेसात-पावणेआठला खडक उघडे पडतील. अमावास्या नुकतीच झालेली, तेव्हा पाणी बरंच आत गेलेलं असेल. पायात पकड धरणाऱ्या चपला हव्यात, चिखलात पाय घासत चालायचं, आणि कालवं फोडणाऱ्या बायका आधीच तिथे आल्या असतील, तर कोणत्या डबक्यात काय बसलंय ते त्यांनाच विचारायचं.