उजेड रस्त्यावर पडू दे!

दारात पिकअप आली की घरातल्या बाईची झोप निम्मी होते, हे आमच्या जुन्नर-आंबेगावातल्या मैत्रिणींना सांगायला नको. दिवसभर तोडा, संध्याकाळी कॅरेट भरायचे आणि रात्री माल निघतो वाशीला नाहीतर पुण्याच्या मार्केट यार्डात. गाडी पोचल्याचा फोन येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

यंदा आमच्या धाकट्या भाऊजींनी हट्ट धरला. "वहिनी, पांढरे एलईडी बल्ब टाकू. रात्रीचा दिवस होतो!" घरचा हिशोब माझ्याकडे. म्हटलं, आधी चौकशी करू. गाडीबरोबर मीही वायरिंगवाल्याकडे गेले.

त्याने आधी बल्ब काढलाच नाही, काच दाखवली. दिव्याची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी, धुरकट झाली होती. पॉलिश करताच निम्मा फरक दिसला. मग त्याने बल्बपाशी व्होल्टेज मोजलं. जुन्या गाडीत वीज बटणातून, बारीक वायरींतून फिरून येते आणि वाटेतच कमी होते. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो! बॅटरीपासून फ्यूज आणि रिले लावून जाड वायर टाकली, अर्थिंग घासून घट्ट केलं. बल्ब तोच, ६०/५५ वॅटचा. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच करावं.

मग एलईडी का नको? एलईडी वाईट नाही. नव्या गाड्यांना कंपनीच एलईडीचा अख्खा दिवा देते. पण साध्या दिव्यातला आरसा साध्या बल्बच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. त्यात नुसता दुसरा बल्ब खुपसला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. १००/९० वॅटच्या बल्बने तर होल्डर आणि वायर वितळू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या रचनेत मनाने बदल करता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी कळली. कॅरेट भरले की गाडी मागून दबते, तोंड वर होतं आणि दिवेही वर बघायला लागतात. म्हणून दिव्यांची दिशा गाडी भरलेली असतानाच तपासायची. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून डिपर लावायचा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दोन-तीन इंच खाली हवी. काही गाड्यांत त्यासाठी आतच बटण असतं, ते माल भरल्यावर फिरवायचं आणि रिकामी झाल्यावर पुन्हा जागेवर आणायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळे दिपून दोनच सेकंद दिसलं नाही, तरी ३३ मीटर गाडी आंधळी धावते. त्या ३३ मीटरमध्ये गळिताच्या हंगामातली ऊसतोड मजुरांची बैलगाडी असेल, स्कूटीवर लेकराला घेऊन निघालेली कुणाची सून असेल, किंवा उसातून रस्त्यावर आलेला बिबट्या असेल. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर धडक आपल्याच गाडीला बसते, हेही ध्यानात ठेवा. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात तर अप्पर लावला की पुढे पांढरा पडदाच उभा राहतो. तिथे डिपर आणि हळू वेग, एवढंच कामाला येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, दिव्यांचा खर्च निघाला की "गाडीचं आम्हाला काय कळतंय" म्हणून गप्प बसू नका. काच, वायरिंग, दिशा आणि मग बल्ब, या क्रमाने विचारा. आणि रात्री गाडी सुटताना डबा-पाण्यासोबत एक स्वच्छ ओलं फडकं द्या. चिखलाने माखलेल्या काचेपुढे कितीही महागाचा दिवा फिकाच!