फ्रेंच भाषेंतील पूर्ण भविष्यकाळ

फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ज्या काळांची विशेष धास्ती वाटते, त्यांत पूर्ण भविष्यकाळाचा क्रम बराच वर लागतो. फ्रेंच वैयाकरण त्यास 'फ्युत्युर आंतेर्यर', म्हणजे 'अगोदरचें भविष्य', असें म्हणतात. नांव अवघड असलें तरी अर्थ सोपा आहे. जी गोष्ट अजून घडावयाची आहे, परंतु पुढच्याच दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या किंवा वेळेच्या आधीं पुरी झालेली असावयाची आहे, ती सांगण्यासाठीं हा काळ योजितात. दोन्ही गोष्टी भविष्यांतल्याच. त्यांपैकीं पहिली कोणती हें दाखविणें, एवढेंच याचें काम.

आमच्या मतें ही धास्ती बहुतांशीं अस्थानीं आहे. आमचे विद्यार्थी फ्रेंच वाक्य मनांत जुळवितांना प्रथम मराठीचें इंग्रजी करितात आणि मग त्या इंग्रजीचें फ्रेंच करितात. या फेऱ्यांत ते घरची जवळची वाट सोडून देतात. कारण या काळाची घडण इंग्रजीपेक्षां मराठीशीं अधिक जुळते.

'ती गेली असेल' हें वाक्य घ्या. यांत 'गेली' हें भूतकालवाचक रूप आहे, आणि 'असेल' हें 'असणें' या सहाय धातूचें भविष्यकाळचें रूप आहे. फ्रेंच वाक्य 'एल सरा पार्ती' असें होतें. 'एल' म्हणजे ती, 'सरा' म्हणजे असेल, आणि 'पार्ती' म्हणजे निघून गेली. शब्दांचा क्रम तेवढा फिरला. घटक तेच राहिले. (फ्रेंच उच्चार देवनागरींत तंतोतंत उतरत नाहींत, येथील अक्षरें केवळ खुणेपुरतीं समजावीं.)

मराठीस येथें 'असणें' हा एकच सहाय धातु पुरतो. फ्रेंचमध्यें दोन लागतात. पहिला 'आव्वार', म्हणजे जवळ असणें. त्याचीं भविष्यकाळचीं रूपें अशीं: झोरे, त्यु ओरा, ईल ओरा, नू जोरों, वू जोरे, ईल जोरों. दुसरा 'एत्र', म्हणजे असणें. त्याचीं रूपें: झ सरे, त्यु सरा, ईल सरा, नू सरों, वू सरे, ईल सरों. हीं बारा रूपें पाठ झालीं म्हणजे अर्धें काम आटोपलें. पुढें मुख्य धातूचें भूतकालवाचक रूप जोडावयाचें. 'दॉने' (देणें) याचें 'दॉने'च राहतें, 'फिनीर' (संपविणें) याचें 'फिनी', आणि 'वांद्र' (विकणें) याचें 'वांद्यु' होतें. कांहीं नेहमींचे धातु मात्र नियमाबाहेर जातात. 'फेर' (करणें) याचें 'फे', 'लीर' (वाचणें) याचें 'ल्यु', 'प्रांद्र' (घेणें) याचें 'प्री'. हीं तोंडपाठच केलीं पाहिजेत.

बहुतेक धातूंस 'आव्वार' लागतो. जाणें, येणें, पोंचणें, निघणें, पडणें, राहणें, जन्मणें, मरणें अशा थोड्या अकर्मक धातूंस आणि सर्व आत्मवाचक धातूंस 'एत्र' लागतो. हालचाल दाखविणारा प्रत्येक धातु 'एत्र' घेतो अशी समजूत करून घेऊं नये. धावणें व चालणें या अर्थाचे 'कूरीर' आणि 'मार्शे' हे धातु 'आव्वार'च घेतात. नकार करावयाचा झाल्यास नकाराचे दोन भाग सहाय धातूच्या दोहों बाजूंस बसतात: 'झ नोरे पा फिनी', म्हणजे 'माझें संपलेलें नसेल'.

आतां लिंगवचनाचा प्रश्न. इंग्रजी वाक्यांत तो गेला काय आणि ती गेली काय, क्रियापद एकच राहतें. म्हणून इंग्रजीच्या वाटेनें जाणारा विद्यार्थी येथें हटकून चुकतो. मराठी मुलास मात्र 'गेला, गेली, गेले' हा फरक आईच्या मांडीवरच समजलेला असतो. फ्रेंचमध्यें 'एत्र' घेणाऱ्या जाण्यायेण्याच्या धातूंचें भूतकालवाचक रूप असेंच कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणें बदलतें. 'आव्वार' असतांना तें कर्त्याकडे पाहत नाहीं. कर्म आधीं आलें असेल तरच कर्माप्रमाणें बदलतें. 'झोरे एक्री ले लेत्र', म्हणजे 'मीं पत्रें लिहिलीं असतील', येथें 'पत्रें' हें कर्म मागाहून आलें, म्हणून 'एक्री' तसेंच राहिलें. परंतु 'ले लेत्र क झोरे एक्रीत', म्हणजे 'जीं पत्रें मीं लिहिलीं असतील तीं', येथें कर्म आधीं आलें आणि 'एक्री'चें 'एक्रीत' झालें. कर्माप्रमाणें क्रियापद बदलण्याची चाल मराठी कर्मणि प्रयोगांत आपण रोजच पाळतों. भेद लक्षांत ठेवावयाचा तो हा कीं, मराठींत 'असतील' हेंसुद्धां कर्माप्रमाणें बदलतें. फ्रेंच सहाय धातु मात्र नेहमीं कर्त्याचाच राहतो.

येथवर मराठी आपल्या उपयोगीं पडली. आतां जेथें ती आणि इंग्रजी दोघीही वाट चुकवितात, तें स्थळ पाहूं. 'पुस्तकें हातीं आलीं म्हणजे मी पैसे देईन' या वाक्यांत मराठीनें 'आलीं' हा भूतकाळ वापरला. इंग्रजी अशा ठिकाणीं पूर्ण वर्तमानकाळ वापरते. फ्रेंच मनुष्य म्हणतो, पुस्तकें अजून आलेलीं नाहींत, तेव्हां येथें भूतकाळ कसा आणि वर्तमानकाळ तरी कसा? म्हणून तो लिहितो, 'कां झोरे रस्यु ले लीव्र, झ पेरे'. 'कां' म्हणजे जेव्हां. 'झोरे रस्यु' हा पूर्ण भविष्य आणि 'झ पेरे' हा साधा भविष्य. आधीं पुस्तकें, मग पैसे. व्यवहाराचा क्रम क्रियापदांतच बांधला गेला. त्याच जागीं 'कां झ रसव्रे' असा साधा भविष्य लिहिला, तर 'पुस्तकें मिळतील तेव्हां' एवढाच बोध होतो. आधीं काय पुरें व्हावयाचें, हें क्रियापद सांगत नाहीं. परदेशीं पत्र लिहिणाऱ्यास हा भेद लहान वाटणार नाहीं. दिलेल्या शब्दाचा अर्थ काय, हें अशा एका क्रियापदावर अवलंबून असतें.

'कां' प्रमाणेंच 'लोर्स्क' (जेव्हां), 'दे क' व 'ओसितो क' (होतांच) या शब्दांपुढेंही गोष्ट भविष्यांतली आणि आधीं पुरी व्हावयाची असेल तर हाच काळ येतो. 'दे केल सरा आरीवे, नू पार्तिरों', म्हणजे 'ती येऊन पोंचतांच आपण निघूं'. परंतु 'जर' या अर्थाच्या 'सी' पुढें असा भविष्यकाळ चालत नाहीं. 'सी त्यु आ फिनी, त्यु सोर्तिरा', म्हणजे 'तुझें संपलें असेल तर तूं बाहेर जाशील', येथें अटीच्या वाक्यांत पूर्ण वर्तमानकाळ आहे. 'जेव्हां' आणि 'जर' यांची गल्लत झाली कीं काळाचीही गल्लत होते.

या काळाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तेथें मराठी पुन्हा मदतीस येते. सोबती ठरल्या वेळीं आला नाहीं, तर आपण म्हणतों, 'त्याची गाडी चुकली असेल'. गाडी चुकली असल्यास ती मागेंच चुकली. तरी आपण 'असेल' म्हणतों, कारण तो तर्क आहे. फ्रेंच मनुष्यही तसेंच म्हणतो: 'ईल ओरा मांके सों त्रें'. पक्की बातमी नसतांना पक्क्या बातमीसारखें बोलूं नये, हा विवेक दोन्ही भाषांनीं एकाच युक्तीनें राखला आहे.

या सर्वांतून पालकांनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. परभाषा चांगली यावी म्हणून मुलाचें मराठी व्याकरण मागें टाकूं नये. ज्यास 'गेली असेल' या दोन शब्दांची फोड करतां येते, त्यास 'सरा पार्ती' परकें वाटत नाहीं. ज्यास ती येत नाहीं, त्यास दोन्ही भाषा घोकाव्या लागतात.

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं तीन वाक्यें देतों. प्रत्येकाचें फ्रेंच करण्यापूर्वीं कोणती गोष्ट आधींची आणि कोणती मागाहूनची, कीं केवळ तर्कच आहे, हें ठरवावें. सहाय धातु मग निवडावा.

१. पाऊस थांबला म्हणजे आम्ही बाहेर पडूं.
२. रविवारपर्यंत ती परत आली असेल.
३. त्यानें आमचें पत्र वाचलें असेल.