दोर दिला कुणी, नाव लावलं कुणाचं?

दरीत उतरणारे स्वयंसेवक मोबदला घेत नाहीत, पण त्यांच्या हातातला दोर काही फुकट मिळत नाही. देणगीदाराचा मान राखायचा आणि मदतकार्याची जाहिरातही होऊ द्यायची नाही, ही कसरत जमवायची कशी?

जून उजाडला की सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांमध्ये दोन प्रकारची माणसं घराबाहेर पडतात. एक धबधब्याखाली भिजायला निघालेली. आणि दुसरी, त्यातलं कुणी घसरलं, वाट चुकलं की फोन येताक्षणी दोर खांद्यावर टाकून निघणारी. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’, ‘महाबळेश्वर ट्रेकर्स’ ही नावं पेपर वाचणाऱ्या प्रत्येकीच्या कानावरून कधी ना कधी गेली असतील. यातलं कुणी दुकान चालवतं, कुणी नोकरी करतं. ना पगार, ना भत्ता.

२८ जुलै २०१८ या दिवशी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. तीस जण गेले, वाचला फक्त एक. त्या खोल दरीतून मृतदेह वर आणायला आसपासचे ट्रेकर्स उतरले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. तिथेही डोंगर चढून मदतीला जाणाऱ्यांमध्ये असे स्वयंसेवक होतेच.

अशा बातम्या वाचून आपले डोळे भरून येतात, आपण मनोमन हात जोडतो. पण एक साधा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. हा दोर येतो कुठून?

खिसा म्हणजेच घरखर्च

नुसता दोर घेऊन भागत नाही. हेल्मेट, हार्नेस, कॅराबिनर, स्ट्रेचर, विजेऱ्या, वॉकीटॉकी, पहिल्या मदतीचं सामान, हे सगळं लागतं. शिवाय दोर म्हणजे काही विहिरीवरचा सोल नव्हे, की तुटेपर्यंत वापरला. धारदार कड्यावर घासला किंवा जोराचा झटका बसला, की तो बाद करावा लागतो. नुसता कपाटात ठेवला तरी साधारण दहा वर्षांनंतर वापरू नका, असं बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. त्यात गाडीचं डिझेल, प्रशिक्षण, स्वयंसेवकांचा विमा आणि रात्रभर राबणाऱ्यांचा चहा-वडापाव धरा.

देणगीदार नसेल तर हे पैसे कुठून जातात? स्वयंसेवकाच्या खिशातून. आणि खिसा म्हणजे काय, तर घरखर्च! मुलाच्या क्लासची फी आणि नवा दोर यांची ओढाताण त्या घरातल्या बाईलाच ठाऊक. म्हणून हा विषय आपल्या पुरवणीत हवाच.

देणारे नसतात असंही नाही. पण देणाऱ्याला दिसेल असं काही द्यायचं असतं. रुग्णवाहिका दिली तर तिच्यावर नाव झळकतं. जॅकेट दिली तर फोटोत दिसतात. विम्याच्या हप्त्यावर नाव कुठे लिहिणार? म्हणूनच देणगीदाराशी बोलताना संस्थेनं आधी हा न दिसणारा खर्च नीट मांडायला हवा. ‘आम्हाला मदत करा’ असं मोघम म्हणण्यापेक्षा ‘यंदा दोन दोर बाद होताहेत आणि वीस जणांचा विमा भरायचा आहे’ असं सांगितलं, की समोरच्याला आपला पैसा कुठे जाणार ते कळतं.

मँचेस्टरची मॅरियन

हा पेच काही आपल्याकडेच पडलेला नाही. इंग्लंडमध्ये समुद्रात सापडलेल्यांना वाचवणारी एक संस्था आहे, रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकारानं ती सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिला दोनशे वर्षं पूर्ण झाली. या काळात तिनं १ लाख ४६ हजारांहून अधिक जीव वाचवले. तिच्या होड्यांवरचे बहुतेक जण आजही स्वयंसेवक आहेत आणि तिचा बहुतांश खर्च लोकांच्या देणग्यांतून आणि मृत्युपत्रांतून मिळालेल्या रकमांतून चालतो. मधली काही वर्षं, १८५४ ते १८६९, तिनं सरकारी अनुदान घेतलं आणि मग ते सोडून दिलं.

डिसेंबर १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ नावाचं जर्मन जहाज वादळात सापडलं. ते वाचवायला गेलेल्या दोन होड्यांवरचे २७ जण बुडाले. मागे सोळा विधवा आणि पन्नास अनाथ मुलं राहिली. जवळच राहणारे चार्ल्स मकारा हे मँचेस्टरचे कापड उद्योजक पुढे मदतनिधीच्या कामात उतरले. त्यांच्या लक्षात आलं, की संस्थेला मिळणारा बराचसा पैसा जेमतेम शंभरेक श्रीमंतांकडून येतो. म्हणजे उद्या त्यांनी हात आखडला की होड्या किनाऱ्यालाच!

मग त्यांनी १८९१ साली मँचेस्टरच्या रस्त्यांवरून खऱ्याखुऱ्या होड्यांची मिरवणूक काढली. बँड, गर्दी, जल्लोष. माडीवरच्या खिडक्यांपर्यंत आणि ट्रामच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचावं म्हणून लांब काठ्यांना थैल्या बांधल्या होत्या. त्या मोहिमेत पाच हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली. मकारांच्या पत्नी मॅरियन यांनी पुढे बायकांना एकत्र करून निधी जमवणारं मंडळ उभं केलं आणि अशी मंडळं देशभर पसरली. समुद्रात उतरत होते पुरुष, पण होडी तरंगत ठेवली ती घरोघर फिरून पैसा-पैसा जमवणाऱ्या बायकांनी.

यातून घेण्यासारखं काय? एकाच शेठवर संस्था उभी करू नये. शंभर रुपये देणारी पाचशे घरं ही पन्नास हजार देणाऱ्या एका माणसापेक्षा जास्त भरवशाची. एक रागावला तर सगळं संपतं, पाचशे घरं एकदम रागावत नाहीत. पण पाचशे घरांच्या पावत्या फाडायच्या तर वही चोख हवी.

देणगी वेगळी, जाहिरात वेगळी

समजा, गावातले सराफ म्हणाले, ‘‘ताई, पन्नास हजार देतो. पण जॅकेटच्या पाठीवर आमच्या पेढीचं नाव मोठ्ठं हवं.’’ काय उत्तर द्याल? नाराज तर करायचं नाही. ‘‘काका, तुमचे उपकार आहेतच. पण पाठीवर संस्थेचंच नाव राहू दे. अंधारात, गर्दीत पोलिसांना आणि नातेवाइकांना आमची ओळख त्यावरूनच पटते. तुमचं नाव आपण अहवालात आणि प्रशिक्षण शिबिराच्या फलकावर ठळक लावू. शिबिराला तुम्ही या, मुलांना चार शब्द सांगा.’’ बहुतेक काका यावर खूश होतात. मान हवा असतो, तो मिळाला.

निवडणुकीच्या तोंडावर मात्र जास्त सांभाळायला हवं. एखाद्या नेत्याच्या फोटोचं स्ट्रेचर घेतलं, की दुसऱ्या पक्षाच्या वस्तीत तुम्ही ‘त्यांची माणसं’ ठरता. दरीत पडलेल्याला पक्ष नसतो, तसा वाचवणाऱ्यालाही नसावा. गुटखा-दारूवाल्यांचा पैसाही नकोच. दारू पिऊन धबधब्यावर जाऊ नका, असं त्याच जॅकेटमध्ये उभं राहून सांगणार कसं?

कायद्यानंही हा फरक केला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. पण आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, असं २०२१ च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीकडे जाताना बिचकू नका. मात्र त्याआधी संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण आणि १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झालेली सीएसआर-१ ही नोंदणी झालेली हवी. आणि हो, नोंदणी नसलेल्या मंडळाला गावात वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय विभागाची परवानगी लागते, हेही विसरू नका.

त्या फोटोत कुणाचं तरी लेकरू असतं

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. हल्ली दरीत उतरण्याआधी मोबाइल वर निघतो. संस्थेला वाटतं, काम दिसलं तर मदत मिळेल. देणगीदाराला वाटतं, आपला दोर दिसला तर बरं. आणि फोटो फिरू लागतो.

कल्पना करा, एका आईला अजून नीट निरोपही पोचलेला नाही. तोच शेजारणीच्या मोबाइलवर तिच्या मुलाचा फोटो येतो. स्ट्रेचरवर बांधलेला. खाली संस्थेचं नाव आणि त्याखाली ‘सौजन्य’ म्हणून कुणा बिल्डरचं. त्या माउलीला आयुष्यभर तो फोटो विसरता येईल? आणि तिच्या गावात त्या संस्थेला कुणी दारात उभं करेल?

म्हणून काही नियम लिहून ठेवावेत आणि ते देणगीदारालाही आधीच दाखवावेत. मृत किंवा जखमी व्यक्तीचा चेहरा दाखवायचा नाही. घरच्यांना कळण्याआधी नाव सांगायचं नाही, ते काम पोलिसांचं. घटनास्थळाच्या फोटोवर देणगीदाराचं नाव टाकायचं नाही. दाखवायचंच असेल तर सरावाचे, साहित्याच्या तपासणीचे, शाळेतल्या मुलांना गाठी शिकवतानाचे फोटो दाखवा. तेही काम खरंच आहे आणि तिथे देणाऱ्याचं नाव शोभतंही.

पत्रकारांशी एकानंच बोलावं. दहा जण बोलले की दहा गोष्टी छापून येतात. ‘स्टंट करायला गेले होते’ असे शेरे मारू नयेत, घरच्यांच्या जखमेवर ते मीठ असतं. आणि श्रेय वाटून घ्यावं. पोलीस, अग्निशमन दल, एनडीआरएफ, वाट दाखवणारे वाडीवरचे कातकरी-ठाकर, भाकऱ्या भाजून देणाऱ्या तिथल्या बाया, सगळ्यांची नावं घ्यावीत. श्रेय वाटल्यानं कमी होत नाही.

टीका झाली तर?

चांगलं काम करणाऱ्यालाही बोलणारे असतातच. २०२१ च्या जुलैमध्ये त्या इंग्लिश लाइफबोट संस्थेवरही अशीच वेळ आली. छोट्या होड्यांतून खाडी ओलांडणाऱ्या निर्वासितांना ती वाचवते, म्हणजे त्यांची टॅक्सीच झाली आहे, अशी टीका नायजेल फराज या राजकीय नेत्यानं केली. संस्था चिडली नाही, घाबरलीही नाही. बुडणाऱ्याला वाचवणं हेच आमचं काम, तो कोण, कुठला हे आम्ही पाहत नाही, एवढंच तिनं शांतपणे सांगितलं आणि स्वयंसेवकांचे अनुभव लोकांपुढे ठेवले. परिणाम काय झाला? एका दिवसात दोन लाख पौंडांहून अधिक देणग्या आल्या. एरवी दिवसाला सहा-सात हजार पौंड यायचे.

हा भरवसा काही त्या एका दिवसात तयार झालेला नव्हता. त्याआधी, २०१७ च्या सुरुवातीपासून, ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांनाच देणगीसाठी पत्रं आणि फोन करायचे, असं याच संस्थेनं ठरवलं होतं. उत्पन्न घटेल हे दिसत असूनही! देणाऱ्याला छळायचं नाही, हे त्यांनी तोट्याच्या हिशेबापेक्षा मोठं मानलं.

आपल्या हाती काय आहे?

मैत्रिणींनो, दरीत उतरणं प्रत्येकीला जमणार नाही. पण बचत गटाची वही चोख ठेवणाऱ्या, महिन्याच्या सभेत पै-पैचा हिशेब वाचून दाखवणाऱ्या तुम्हीच ना? नेमकं हेच कौशल्य अशा संस्थांना हवं असतं. दोरावर लटकणारे हात पुष्कळ असतात, पावती लिहिणारे थोडे. तुमच्या गावात असा गट असेल, तर एक दिवस जाऊन विचारा आणि एवढ्या पाच गोष्टी लावून द्या:

• दर देणगीची पावती त्याच दिवशी द्या आणि आठवड्याच्या आत आभाराचं पत्र पाठवा. रोख घेणं शक्यतो टाळा.
• वर्षातून दोनदा देणाऱ्यांना कळवा, की पैसा कशावर खर्च झाला. मोहीम फसली असेल तर तेही लिहा.
• काय स्वीकारणार आणि काय नाही, हे एका कागदावर लिहून समितीच्या सह्या घ्या. मग नकार देताना कुणा एकाला वाईटपणा येत नाही.
• देणगीदारांना पावसाळ्याआधीच्या सरावाला बोलवा. दोर हातात घेऊन बघितला की त्याची किंमत कळते.
• साहित्याची नोंदवही ठेवा. कधी घेतलं, कुणी दिलं, कधी बाद झालं. बाद झालेल्या दोराची माहिती देणाऱ्यालाही कळवा. त्याच्या दोरानं काय काय काम केलं, हे ऐकून तो पुढचा दोर स्वतःहून देईल.

देणाऱ्याचं नाव जरूर लावावं, त्यात कमीपणा काही नाही. देवळाच्या पायरीवरही आपण नाव कोरतोच की! फक्त गाभाऱ्यात कुणी ते कोरत नाही. दरीच्या तळाशी, जिथे कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो, ती जागा अशा संस्थेचा गाभारा आहे. तिथे कुणाचीच पाटी नको. एवढी रेघ आखून दिली, की पुढे कितीही देणगीदार येऊ देत, संस्थेचं नाव चांगलंच राहील. आणि ती रेघ सांभाळायला घर सांभाळणाऱ्या बाईइतकं पक्कं माणूस दुसरं कोण?