अस्सलबरहुकूम नक्कल

वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजाहून निघून मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना ही गावे ओलांडीत पश्चिमेस जाणारी जुनी सडक ज्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पोहोचते, तेथे वोक्हार्ट कंपनीने तयार केलेले मानवी इन्सुलिन २००३ साली बाजारात आले. ते मानवी खरे. परंतु कोणा मनुष्याच्या स्वादुपिंडातून काढलेले नव्हे, तर यीस्ट या एकपेशीय जीवाकडून घडवून घेतलेले. वाशीम जिल्ह्यातील एखाद्या मधुमेही शेतकऱ्याच्या घरी आज जी कुपी जिवापाड जपली जाते, तिच्यातील द्रव्याचे कूळ बहुधा असेच चमत्कारिक असते. औषध म्हणून जी मानवी प्रथिने या रीतीने तयार होतात, त्यांच्याहून कितीतरी अधिक प्रकारची प्रथिने केवळ संशोधकांच्या उपयोगासाठी घडविली जातात, ही गोष्ट मात्र प्रयोगशाळेबाहेर फारशी कोणाच्या कानी नसते.

१९२२ पासून सुमारे साठ वर्षे मधुमेह्यांची सारी भिस्त गाईडुकरांच्या स्वादुपिंडांवर होती. इन्सुलिनचा रेणू ५१ अमिनो आम्लांचा. डुकराचे इन्सुलिन त्यांपैकी एका ठिकाणी आणि गाईचे तीन ठिकाणी आपल्याहून निराळे. १९७३ साली स्टॅन्ले कोहेन आणि हर्बर्ट बोयर यांनी परक्या डीएनएचा तुकडा जीवाणूच्या देहात नांदवून दाखविला, १९७८ साली त्याच मार्गाने ई. कोलाय जीवाणूकडून मानवी इन्सुलिन तयार करविण्यात आले, आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्यास औषध म्हणून परवानगी मिळाली.

संशोधनासाठी लागणारे प्रथिन घडविण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. हव्या त्या प्रथिनाचे मानवी जनुक डीएनएच्या एका लहानशा कड्यात बसवून ते जीवाणूत सोडतात. जीवाणूंना साखर, क्षार आणि पचविलेल्या प्रथिनांचे खाद्य देऊन वाढवितात (या खाद्यात सोयाबीनच्या पाचित प्रथिनांचाही सर्रास उपयोग होतो, हे वऱ्हाडातील वाचकांस गमतीचे वाटेल). आणि त्यांची संख्या पुरेशी झाली की एक विशिष्ट रसायन घालून ते जनुक जागे करतात. मग पेशी फोडल्या की हाती येतो तो जीवाणूच्या स्वतःच्या हजारो प्रथिनांचा गदारोळ. त्यातून आपले एकच निवडून काढण्यासाठी त्याच्या टोकाला सहा हिस्टिडिनांचे शेपूट आधीच जोडून ठेवलेले असते. हे शेपूट निकेलला घट्ट चिकटते, म्हणून निकेलयुक्त कणांच्या स्तंभातून तो रस गाळला की बाकीचा गाळ वाहून जातो आणि हवे ते प्रथिन मागे राहते.

शरीरात जी प्रथिने अत्यल्प प्रमाणात सापडतात ती अशी हाताशी आल्यामुळेच एखादे नवे औषध त्यांना कोठे चिकटते हे पाहता येते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करता येतात, आणि पेशींना प्रयोगपात्रात जगविणे शक्य होते.

मात्र जनुकाच्या दस्तऐवजाची अस्सलबरहुकूम नक्कल मिळाली, म्हणून वस्तूही अस्सल मिळाली, असे समजण्यात मोठी गफलत आहे. ई. कोलायच्या देहात मानवी प्रथिनाला पुष्कळदा योग्य घडी पडत नाही. ते गोळा होऊन निकामी पडते, आणि युरियात विरघळवून त्याची घडी नव्याने घालावी लागते. शिवाय मानवी पेशी आपल्या प्रथिनांवर शर्करांच्या ज्या साखळ्या चढवितात त्या हा जीवाणू चढवीत नाही. रक्तपेशी वाढविणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचे सुमारे ४० टक्के वजन शर्करांचेच असते आणि त्यांवाचून ते शरीरात टिकत नाही. म्हणून अशा प्रथिनांसाठी १९५७ साली हॅमस्टर या मूषकवर्गीय प्राण्याच्या अंडाशयातून मिळविलेल्या, किंवा १९७३ साली लायडन येथे मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून सिद्ध केलेल्या पेशींचा आश्रय घेतात. अशा पेशीवंशांचे राष्ट्रीय भांडार पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आहे.

दुसरे संकट अधिक कपटी. जीवाणूच्या कवचातील एन्डोटॉक्सिन हे विष शुद्धीकरणानंतरही प्रथिनासोबत लपून राहते, आणि त्याचा लवलेशही रोगप्रतिकारक पेशींना खवळविण्यास पुरतो. हीट शॉक प्रोटीन ७० हे मानवी प्रथिन अशा पेशींना उत्तेजित करते, असे अनेक शोधनिबंधांत प्रतिपादिले गेले होते. परंतु उंदराच्या पेशींवरील प्रयोगांनी २००३ साली असे दाखविले, की ई. कोलायमधून काढलेले तेच प्रथिन एन्डोटॉक्सिनपासून पुरेसे मुक्त केले असता काहीच घडत नाही. कर्तृत्व जीवाणूच्या विषाचे होते, आणि श्रेय मानवी प्रथिनाच्या खाती जमा झाले होते.

प्रथिनाच्या कुपीसोबत येणाऱ्या तपशीलपत्रकात शुद्धतेच्या टक्केवारीशेजारी ते कोणत्या जीवाकडून घडविले आणि त्यात एन्डोटॉक्सिन किती, हेही बहुधा नमूद असते. केवळ पहिला आकडा पाहून समाधान पावणाऱ्या संशोधकाच्या निष्कर्षांची, ते कितीही नामांकित नियतकालिकात छापून आले तरी, दुसऱ्या कोणी रुजुवात घातल्याखेरीज मी ते ग्राह्य धरावयास तयार नाही.