थांबण्याचे मोल

ग्राहकाला गाडी मागताक्षणी हवी असेल, तर कोणीतरी आधीपासून रिकामे थांबलेले असावे लागते. ॲपवर चालणाऱ्या सेवांच्या अर्थकारणाची मेख या थांबण्यात आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक टेरी टेलर यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

ग्राहकाला विलंब खपत नाही आणि कामावर यावे की नाही हे कामगार स्वतः ठरवतो, ही टेलर यांची दोन गृहीतके. विलंब टाळण्यासाठी अधिक माणसे उभी ठेवली की प्रत्येकाच्या वाट्याला खेपा कमी येतात. तेव्हा कंपनीने ग्राहकाचा दर उतरवावा आणि कामगाराचा मोबदला वाढवावा, असे कोणासही वाटेल. सारे काही निश्चित असेल, तर गणितही तेच सांगते. परंतु कामगाराला अन्यत्र किती मिळेल हे फारच अनिश्चित आणि त्याची सरासरी मध्यम असली, तर उत्तर उलटते: ग्राहकाच्या घाईमुळे कंपनीला फायद्याचा ठरणारा मोबदला घटतो! अन्यत्र बरे काम असते त्या काळात माणसे धरून ठेवणे महाग पडते. मग ते नसते त्या काळावरच भिस्त ठेवून दर बांधणे सोयीचे होते.

हे अर्थात प्रतिमान आहे. त्यात कोणाची मिळकत मोजलेली नाही. तथापि मजूर अड्ड्यावर उभा राहणारा बिगारी हे गणित न शिकताच जाणतो. त्याला निदान एकदा काम लागले की दिवसाची रोजंदारी मिळते. ॲपच्या कामगाराला प्रत्येक खेपेनंतर पुन्हा अड्डाच!

नीती आयोगाच्या अंदाजानुसार भारतात २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख कामगार होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना कायद्यात स्थान दिले आणि त्यांच्या निधीसाठी कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद केली. हे स्वागतार्हच, पण विमा म्हणजे वेतन नव्हे. थांबलेल्या तासाचा मोबदला संहितेत नाही.

तो मोजता येतो, हे न्यूयॉर्क शहराने दाखवले. तेथे २०१९ पासून चालकाच्या किमान मोबदल्याच्या सूत्रात रिकाम्या वेळेचे प्रमाण धरले जाते. त्यावर कंपन्यांनी त्याच वर्षी मागणी मंद असताना चालकांना ॲपवर येण्यासच अटकाव सुरू केला. कामावर केव्हा यावे हे कामगार ठरवतो, हे गृहीतक तेथे कंपन्यांनीच मोडीत काढले.